काठकंप

त्या काळात मिरजेला कर्करोगाचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी येत नसत, आखणीसाठी येत. गाठ कापून काढण्याचे दिवस मागे पडले होते. रुग्णाच्या शरीराची प्रतिमा पडद्यावर यायची, आखणीकार पेनने गाठीभोवती रेघ ओढायचा, आणि किरणयंत्र त्या रेघेच्या आतलं सगळं जाळून टाकायचं. रेघेबाहेरच्या पेशीला धक्काही लागत नसे. त्यामुळे रेघ नेमकी कुठे ओढायची एवढाच प्रश्न उरला होता, आणि तो मात्र अवघड होता. गाठीला तळ्यासारखा स्पष्ट काठ नसतो. ती आजूबाजूच्या मांसात हळूहळू विरत जाते. यंत्रालाही रेघ ओढता यायची, पण किती फिकट झालं म्हणजे गाठ संपली मानायची, हे त्याला कोणीतरी सांगावं लागे. सुरुवातीला सगळं यंत्रावर सोडून पाहिलं, तेव्हा कोणाची वाचा गेली, कोणाची नजर. मग कायदाच झाला, की शेवटची रेघ माणसाने ओढायची.

पद्मजा उपाध्ये अशा रेघा ओढत असे. वयाची पन्नाशी जवळ आलेली, आणि त्यातला निम्म्याहून जास्त काळ पडद्यासमोर गेलेला. तिने रेघ पुरी केली की कोपऱ्यात तीन आकडे उमटत. आतल्या भागाचं क्षेत्रफळ, त्या भागाची सरासरी चमक, आणि रेघेची लांबी, म्हणजे परीघ. पहिल्या दोन आकड्यांवर किरणांची मात्रा ठरायची. तिसऱ्याकडे कोणी बघत नसे.

एका सोमवारी ती कामावर आली तर पडदा रिकामा. शेजारच्या टेबलांवर प्रतिमा येत होत्या, तिच्याकडे एकही नाही. चहा होईपर्यंत तिने वाट पाहिली. मग चौकशी केली, तर कळलं की तिचं काम मापनशाखेच्या डॉ. उद्धव मिणचेकरांनी थांबवलंय. ती तशीच उठून त्यांच्या खोलीत गेली.

"सर, माझं काही चुकलंय का?"

मिणचेकर गणिताचे डॉक्टर, औषधाचे नव्हेत. मान वर न करता म्हणाले, "बसा ताई. चुकलं काहीच नाही."

"मग माझ्या प्रतिमा कुठायत?"

"मी थांबवल्या. घाईच केली म्हणा. तुम्हाला कसं सांगावं, ते सुचत नव्हतं."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. गेली दोन वर्षं ते निरनिराळ्या आखणीकारांचे हात ताडून बघत होते. कोणाची रेघ सैल असते, कोणाची आवळलेली. हा फरक वजा करता आला, तर कोणीही आखलं तरी माप एकसारखं यावं, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यासाठी त्यांनी निवृत्त झालेल्यांच्या जुन्या रेघाही मापायला घेतल्या. त्यात त्यांना जे दिसलं, ते शोधायला ते निघालेच नव्हते.

"समजा, तुम्ही एका वाफ्याला तार ताणून सरळ कुंपण घातलंत," ते म्हणाले. "तेवढ्याच वाफ्याला दुसऱ्याने जरा वळणं घेत घेत घातलं. आतली जमीन दोघांची सारखीच. तार कोणाला जास्त लागेल?"

"दुसऱ्याला."

"तसंच आहे हे. काही जणांच्या रेघेत आतलं क्षेत्रफळ अगदी बरोबर, पण परीघ वर्षागणिक वाढत गेलेला. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक लहरी. मी त्याला काठकंप म्हणतो. हात कापत नाही, ताई. रेघ ओढताना मेंदू क्षणोक्षणी विसरतो आणि पुन्हा सावरतो, त्याची ती खूण. निवृत्तांपैकी ज्यांच्या रेघेत हा कंप होता, त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे विस्मरणाचा आजार झाला. आठ-दहा वर्षांनी. तोवर एकाही तपासणीत काही आलं नव्हतं."

पद्मजा पडद्याकडे बघत राहिली. एक आलेख बरीच वर्षं आडवा जाऊन शेवटी वर चढत होता. खाली तिचं नाव होतं.

"बहुतेकांना म्हणजे?"

"दहातल्या सातांना."

"माझ्या आखणीने कोणाला त्रास झाला?"

"एकालाही नाही. क्षेत्रफळ आजही सगळ्यांत अचूक तुमचंच येतं."

"तर मग माझं काम मला परत द्या," ती म्हणाली आणि उठली.

"ताई, अजून एक आहे." मिणचेकर दारापर्यंत आले. "या आजारावर एक औषध तयार आहे. पण ते आजार दिसायच्या आधी सुरू करावं लागतं, आणि आजार कोणाला होणार तेच कळत नाही. म्हणून ते कोणावर तपासून बघताच आलेलं नाही. तुमच्या रेघा जगापुढे मांडता आल्या तर ती अडचण सुटेल. बाकी सगळे निवृत्त झालेले, त्यांच्या रेघाही तुटक. इतकी वर्षं सलग काम केलेल्या आणि अजून धडधाकट असलेल्या तुम्ही एकट्याच. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

काम परत मिळालं, पण ते पहिल्यासारखं राहिलं नाही. तिची नजर गाठीवर टिकेना. रेघ पुरी झाली की डोळे आधी तिसऱ्या आकड्यावर जात. एका मुलाच्या मेंदूतली गाठ आखताना आपण गाठीचा विचारच करत नाही, हे लक्षात आल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि नवीन आखणीकारांना शिकवण्याचं काम मागून घेतलं.

घरीही चित्त थाऱ्यावर नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या की ती तारीख-वार मनात म्हणून बघायची. नणंदेच्या जावेचं नाव ओठांवर येऊन अडलं, तर ते आठवेपर्यंत ती खोलीभर फिरत राहायची. नवरा सन्मती म्हणायचा, "अगं, मला तरी कुठं आठवतंय? सगळ्यांचंच होतं असं." त्याने तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

त्यांची मुलगी श्रुतिका तासगावच्या द्राक्ष संशोधन केंद्रात होती. रोग पडलेल्या पानांचे फोटो घ्यायचे, पडद्यावर डागाभोवती रेघ ओढायची, पानाचा किती भाग गेला ते मापायचं, हे तिचं रोजचं काम. एका रविवारी ती अंघोळीला गेली असताना पद्मजाने तिचा संगणक उघडला. पानामागून पान सरकवत ती प्रत्येक डागाचा परीघ बघत होती. मागे श्रुतिका येऊन उभी राहिली, तेही तिला कळलं नाही.

"आई, माझ्या पानांत काय शोधतेयस?"

पद्मजाला खोटं बोलता आलं नाही. तिने सगळं सांगितलं. श्रुतिका ओल्या केसांनीच खाली बसली.

"आणि माझं?" तिने विचारलं.

"काही नाही तुझं. साफ आहे."

"मिणचेकर सरांना हो म्हण तू."

"एकदा बाहेर पडलं की ते आपल्या हातात राहायचं नाही, श्रुती."

"नसू दे. औषध निघायचं असेल तर पहिलं कोणीतरी हो म्हणायलाच हवं ना? तुला मिळेल ते. मला तू हवीयस, मला ओळखणारी." बोलता बोलता ती रडायला लागली, आणि पद्मजाने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी पद्मजाने होकार दिला.

शोध प्रसिद्ध झाला. पद्मजाचं नाव त्यात नव्हतं, पण मिरजेत ते कोणापासून लपलं नाही. औषधाच्या चाचण्या सुरू झाल्या, पहिल्या तुकडीत तिला घेतलं गेलं. औषध लागू पडतंय की नाही, हे कळायला वर्षं जाणार होती. काठकंपाचं माप मात्र तोवर थांबलं नाही. काठकंप मोजायला रुग्णालय लागत नव्हतं. एक पडदा, एक पेन आणि रेघ ओढायला एखादं चित्र, एवढं पुरत होतं. फोनवर चालणारा मापक निघाला, तोही फुकट. पानाभोवती रेघ ओढा, मिनिटभर थांबा. विमावाले ते मागू लागले. नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या पोरांपुढे टॅब सरकवले जाऊ लागले. पडद्यावर सही करायची म्हटली तरी लोक बिचकायचे. चाळिशी-पन्नाशीतली शिकलीसवरली माणसं अंगठा पुढे करायची.

आणि मग श्रुतिकाला बघायला इचलकरंजीचे मगदूम आले. मुलगा पारस शांत होता, बोलायला बरा होता. पाण्यावर संशोधन करायचा. दोघं आधी दोनदा भेटली होती आणि श्रुतिकाला तो आवडला होता. आता मोठ्यांची बोलणी तेवढी व्हायची होती. खाणं झालं, चहा झाला. मग पारसची आई, रोहिणीताई, पर्समधून टॅब काढत म्हणाल्या, "राग मानू नका हं. हल्ली सगळेच करतात. तुमच्याकडचं जरा कानावर आलं होतं, म्हणून."

टॅबवर पिंपळाचं एक पान होतं.

"आई, कशाला हे?" पारस लाल झाला.

"असू दे," श्रुतिका म्हणाली. "मी काढते. पण मग तुम्हीही काढायचं."

तिने रेघ ओढली. नंतर पारसने ओढली. इतकी वर्षं रेघा आणि आकडे ताडून बघितल्यावर, इतरांना न दिसणारी लहरही पद्मजाच्या डोळ्यांना मापकाशिवाय दिसत होती. ती पुढे झुकली, तिने दोन्ही रेघा बघितल्या, आणि मापकाचा आकडा उमटायच्या आत पडद्यावर बोट फिरवून दोन्ही पुसून टाकल्या.

"हे काय केलंत?" रोहिणीताईंचा आवाज चढला.

"माझ्या घरात हे होणार नाही. लग्न ठरवायचं असेल तर मुलं बघून ठरवा."

पाहुणे लवकरच उठले. पारस जाताना श्रुतिकाकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण आईने हाक मारली. गाडी वळली तसं सन्मती कपबशा उचलून आत गेला.

श्रुतिका दारातच उभी होती.

"आई, तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"कोणाच्या रेघेत होता?"

"कोणाच्याच नाही. दोन्ही साफ होत्या."

हे खरं होतं. पद्मजाला कसलीच शंका नव्हती.

"साफ होत्या तर पुसल्यास कशाला?"

"अगं, तुझी अशी परीक्षा कोणी घ्यावी, ते मला सहन झालं नाही. दुसरं काही नाही."

"असंच म्हणणार तू. साफ नसत्या तरी असंच म्हणाली असतीस." श्रुतिकाचा आवाज शांत होता. "त्या दिवशी माझ्या पानांचंही साफ आहे म्हणालीस. तेव्हा मी विश्वास ठेवला होता."

"श्रुती, तुझी शपथ—"

ती आत गेली आणि आपला टॅब घेऊन आली. आईच्या शेजारी बसून तिने द्राक्षाचं एक पान उघडलं आणि डागाभोवती रेघ ओढली. "हे बघ. सांग."

"साफ आहे."

तिने दुसरं उघडलं. "हे?"

"हेही साफ आहे, बाळा. पुरे आता."

ती थांबली नाही. बाहेर शेजारच्या बाया भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या, आत नळाखाली सन्मती कपबशा विसळत होता, आणि श्रुतिका पानामागून पान आखत होती. प्रत्येक रेघेनंतर ती पडद्याकडे बघत नव्हती, आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. पेन धरलेली बोटं पांढरी पडत चालली होती. रेघ मध्येच अडायची, मग घाईने पुढे जायची.

आणि मग एका पानावर पद्मजाला काठ हललेला दिसला. अगदी बारीक. पुढच्या पानावर पुन्हा दिसला.

काठकंपाचं माप ज्या रेघांवरून बसवलं होतं, त्या ओढणाऱ्यांना आपल्याला कोणी वाचतंय हे माहीत नव्हतं. भ्यालेल्या माणसाने ओढलेली रेघ त्यात एकही नव्हती. मिणचेकरांनी तशी कधी तपासली नव्हती. ही लहर धास्तीची आहे की आजाराची, ते सांगेल असं माप कोणाकडेच नव्हतं, आणि आता न घाबरता रेघ ओढणारा माणूस कुठून आणायचा?

"हे?" श्रुतिकाने विचारलं आणि मान वर करून ती आईकडे बघू लागली.

पद्मजाला साफ आहे म्हणायला एक क्षण उशीर झाला.