झोपून सावधान

हे खरं आहे. खोटं रचायचं असतं, तर मी निदान अमावस्या तरी घातली असती.

अमावस्या नव्हती. रात्रसुद्धा नव्हती. मागच्या फेब्रुवारीतली दुपार, वडूज, आमच्या घराची मागची खोली. बाहेर असं ऊन की चोरही घरी झोपतात.

त्या खोलीत खातूनबी होती. अब्बांची फुफी, म्हणजे आत्या, म्हणून आम्हा सगळ्यांचीच फुफी. गाव तिला मेजरसाहेब म्हणायचं. ती लष्करात नर्स होती. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीजवळच्या इस्पितळात होती. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ड्युटी संपली न्हाई अजून."

आम्ही हसायचो.

आता ती मरत होती. म्हणजे मरत नव्हती... तोच तर प्रश्न होता.

खुब्याचं हाड मोडलेलं. सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. पोटात अन्न नाही. चमच्यानं पाणी घातलं तर ओठांवरून खाली. डोळे मात्र टक्क उघडे. कूस बदलायला हात लावला तरी ओरडायची. अब्बा दाराशी बसून कुराणातलं यासीन पढायचे, आणि मध्येच थांबून रडायचे.

"या अल्लाह, सोडव रं हिला."

सगळे म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय.

मग आम्ही शोधायला लागलो. तिच्या लाडक्या भाचीत असेल म्हणून भाचीला व्हिडिओ कॉल लावला. नाही. बकरीवर तिचा लय जीव होता, म्हणून बकरी खोलीत आणली. फुफीनं ओळख दिली नाही. बकरी अपमान झाल्यासारखी निघून गेली.

शेवटी शेजारचे बाळासो तात्या आले. रिटायर्ड सुभेदार. ते पलंगाशी वाकले. फुफी पुटपुटत होती...

"बदली आली का?... बदली सिस्टर आली का?"

आम्ही हे कितीतरी दिवस ऐकत होतो. वाटायचं, ग्लानीत बडबडतेय.

तात्यांचा चेहरा उतरला.

"आरं, मेजरसाहेब ड्युटीवर हायत! बदली सिस्टर आल्याबिगर वॉर्ड सोडता येत न्हाई. चार्ज द्यावा लागतो."

तेव्हा अब्बांना आठवलं. लढाईत फुफीकडं शेवटचा वॉर्ड होता. जे वाचणार नाहीत, त्यांचा. मध्येच हुकूम आला, वाचणाऱ्यांना घेऊन रेल्वेनं निघ. तिनं विचारलं, मग इथं कोण? साहेब म्हणाले, येईल कुणीतरी.

कुणी आलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं.

"वसीम, घे की रं चार्ज. तुझं काय जातंय? तसा बी रिकामाच असतोस."

मी गावात नकला करून दाखवणारा माणूस. उठलो. टाचा जुळवल्या. एकाच पायात चप्पल होती, तरी सॅल्यूट कडक ठोकला.

"सिस्टर, चार्ज घ्यायला आलोय."

कण्हणं थांबलं...

फुफीनं मान वळवली. आवाज एकदम स्वच्छ. तरुण बाईचा.

"उशीर केलास."

"सॉरी, सिस्टर."

"खिडकीजवळचा पाणी मागंल. द्यायचं न्हाई. पोटात गोळी हाय. त्याच्या शेजारचा म्हनंल, पायाला खाज सुटली. खाजवल्यागत कर. पाय न्हाईत, ते सांगू नको. दाराजवळचा हाका मारंल. जायचं."

"जाऊन काय करू?"

"काय न्हाई. नुसतं जायचं."

"व्हय," मी म्हणालो. "घेतला चार्ज."

तिनं डोळे मिटले.

अब्बांचं पढणं थांबलं. लाइट नव्हती, त्यामुळं पंखाही बंद. खोलीत श्वासाचा आवाज नाही...

आणि मग...

सर्र.

चादर ताणल्याचा आवाज. भिंतीकडून. मग खिडकीकडून. मग एकदम सगळीकडून.

खोलीत पलंग एकच होता. त्यावरची चादर हलली नव्हती.

तात्या ताठ उभे होते. कानशिलावरून घाम ओघळत होता, पण पुसत नव्हते.

"तात्या... काय हाय हे?"

"नवीन सिस्टर वॉर्डात आली की पेशंटनं सावधान व्हायचं असतं," ते समोर बघतच म्हणाले. "उठता येत न्हाई त्यानं झोपून."

"नवीन सिस्टर कोण?"

तात्यांनी मान न हलवता फक्त डोळे माझ्याकडं वळवले.

फुफीचा चाळिसावा दिवस झाला. मी सांगलीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलो. भाड्याची खोली घेतली. वॉर्ड वडूजला राहील असं वाटलं होतं.

पहिल्याच सुट्टीच्या दुपारी... कुणीतरी अगदी अदबीनं पाणी मागितलं.

दिलं नाही.

सुरुवातीला भीती वाटायची. आता वाटत नाही. खरं म्हणजे काहीच वाटत नाही. हाक आली की उठतो, दाराजवळ जाऊन उभा राहतो. तिथं कुणी नसतं. थोड्या वेळानं हाक थांबते. मग मी चहा ठेवतो.

गेल्या महिन्यात तात्यांना फोन केला. म्हटलं, आवं तात्या, चार्ज आता तुमी घ्या.

"न्हाई रं गड्या," ते म्हणाले. "माझं वय झालं. मला तिथं कवा भरती व्हावं लागंल, सांगता येत न्हाई."

माझं लग्न ठरलंय. मिस्बाह जतची आहे, शिवणकाम करते, व्यवहारी आहे. तिला सगळं सांगितलं. घाबरली नाही. एवढंच म्हणाली, "मी शिलाई मशीन आणणार हाय. ठेवायला खोलीत मोकळी जागा हाय का, तेवढं बघून सांगा."

काल दुपारी मी दारात उभा राहून बघितलं. भिंतीपासून खिडकीपर्यंत सर्र... मध्ये कुठं खंड नाही.

तिला अजून कळवलेलं नाही.