लाल दोऱ्याचा आरसा

पुस्तकातून एक डोळा मंजुषाकडे रोखून बघत होता.

ती दचकली… मग हसली. डोळा तिचाच. कादंबरीचा कंटाळा येऊन ज्या पानावर ती पुस्तक मिटणार होती, नेमका तिथेच कुणीतरी काळ्या दोऱ्यात ओवलेला नखाएवढा आरसा ठेवला होता.

पण पुढच्या पुस्तकातही तेच झाले. त्याच्या पुढच्याही. ती कंटाळून पान उलटायची, आणि आरसा चमकायचा.

मंजुषा रसायनशास्त्रातली पदवीधर. भुताआधी तिला चाचणी सुचली. पुसेगावच्या ज्या वाचनालयातून ती पुस्तके आणायची, तिथे एक जुने पुस्तक होते, पानांच्या कडा अजून न कापलेल्या. म्हणजे ते कुणी उघडलेलेच नव्हते. पट्टीने एकेक पान सोडवत ती वाचत गेली. कंटाळा आला. पुढची घडी कापली, आणि आत आरसा होता. या वेळी दोरा लाल.

पुस्तक घेऊन ती थेट वाचनालय सांभाळणाऱ्या धुरपतामावशींकडे गेली.

"धुरपतामावशी, ही पुस्तकं आणखी कोण नेतं हो?"

"नेत कुनीच न्हाई. बंजारा तांड्यावरचा देविदास तेवढा येतो. कपाटामागं उभ्यानंच वाचतो. ये की रे बाहेर, पोरगी खाती का काय!"

कपाटामागून एक उंच तरुण ओशाळत पुढे आला. बोटांत काळा दोरा.

"आरसे तुमचे?"

"आईच्या ओढणीचे. तिला वाचता येत नव्हतं, पर मी वाचत असलो की शेजारी बसून टाके घालायची. मला जांभई आली की आरसा पुढं करायची. खूण ठिव अन् सोड म्हणायची, जबरदस्ती हाय का?" त्याने दोरा बोटाभोवती गुंडाळला. "आता ती न्हाई. सवय ऱ्हायली."

"मीही त्याच पानांवर सोडते."

"बराबर तिथंच?" त्याचा चेहरा उजळला. "मला वाटायचं, मी एकटाच वाया गेलेला."

मंजुषा हसली, मग म्हणाली, "आई म्हणते, पुस्तकं सोडतेस तशी माणसंही सोडशील. मला त्याचीच भीती वाटते… खरंच सोडलं तर?"

"खूण ठिवून जा. मी त्याच पानावर सापडंन."

बाहेर ऊन उतरले होते. तिने न कापलेले पुस्तक पुढे केले. "मग बंद पानांत हा कसा घातलात?"

देविदासने पाहिले, आणि त्याचा रंग उडाला.

"ह्या पुस्तकाला मी हात बी लावला न्हाई. अन् लाल दोरा… आई कुणाला शिवू देत नव्हती. सुनेच्या ओढणीसाठी राखला व्हता. तिच्यासंगंच चितेवर ठेवला आमी."

मंजुषाने दोऱ्याचे टोक चिमटीत धरले. ते ओले होते — सुईत ओवण्याआधी ओठांनी ओले करतात तसे.

तिने आरसा पुस्तकात परत ठेवला नाही. सावकाश, आपल्या ओढणीच्या टोकाला बांधला.

"अन् ह्या पुस्तकाचं काय?" देविदासने हळूच विचारले.

"सोडून देऊ," ती म्हणाली. "खूण आहे माझ्याजवळ."