टॉफीसाठी कपाट

“हे कपाट मी घेतेय.”

“माफ करा, पण माझा हात आधी लागलाय.”

“हात तुमचा आधी लागला असेल... पण नजर माझी आधी गेली होती!”

स्वान्सी शहरातल्या जुन्या सामानाच्या त्या दुकानात काचेच्या सरकत्या दारांचं एकच कपाट होतं – लांबट, बुटकं, चांगल्या भक्कम लाकडाचं. त्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला तो. बाहेर समुद्रावरून आडवा पाऊस येत होता आणि आम्ही दोघंही नखशिखान्त भिजलेले.

मी केस कापते. हेच माझं काम, त्यामुळे कुणाच्याही केसांवरच आधी नजर जाते. त्याचे केस दाट, काळे. फक्त कपाळावरची बट पांढरी. मला वाटलं, बिचाऱ्याचे लवकर पिकलेत. मग पाण्याचा एक थेंब त्या बटेवरून गालावर ओघळला – दुधासारखा. पीठ होतं ते!

“आईचे चहाचे कप ठेवायचेत,” तो म्हणाला. “तुम्हाला कशाला हवंय?”

“टॉफीसाठी.”

“एवढ्या टॉफ्या खाता?”

“टॉफी एकच आहे. तो यात राहणार आहे.”

“अच्छा! मांजर?”

“केसाळ काही जवळ आलं की मी शिंकून शिंकून बेजार होते.”

“मग कासव... ससा – नाही, ससा केसाळ...”

“साप,” मी म्हणाले.

चटका बसावा तसा त्याचा हात कपाटावरून उडाला.

“घ्या,” तो म्हणाला. “तुमचंच कपाट. आईचे कप काय, कुठेही राहतील.”

किती दिलदार माणूस, मला वाटलं. तो दारापर्यंत गेला, थबकला, वळला... “पण नेणार कसं हे?”

“बसने.”

“बसवाला तुम्हाला घेईल. कपाटाला नाही घेणार.” त्याने एक उसासा टाकला. “चला. माझी गाडी आहे बाहेर.”

पावाची गाडी होती ती. माझं कपाट लोण्याच्या आणि जायफळाच्या वासात, पावांच्या रिकाम्या ट्रेंमध्ये बसून घरी आलं. त्याचं नाव गेथिन. बाजारात बापलेकांची बेकरी. जिन्यावरून कपाट चढवताना मी विचारलं, “सापांची भीती नाही ना वाटत?”

“मला? छे!” तो म्हणाला. जरा घाईघाईनेच म्हणाला.

मी तेव्हा डिलिसबाईंच्या फिश-अँड-चिप्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत नुकतीच राहायला आले होते. त्याआधी रोड्रीशी माझं लग्न ठरलं होतं. पडदे त्याच्या पसंतीचे, सुट्टीची जागा त्याच्या पसंतीची, माझे केससुद्धा त्याच्या पसंतीचे. लहानपणापासून मला साप पाळायचाय, असं एकदा म्हटलं, तर तो हसला. “साप? नेरिस, लोक काय म्हणतील?” अंगठी परत केली त्या दिवशी मी आधी केस आखूड कापले. मग गावाबाहेर प्रोबर्टबाईंकडे गेले.

लोकांनी टाकून दिलेले साप, पाली, सरडे त्या सांभाळत. तिथेच मला टॉफी भेटला. केशरी अंग, त्यावर विटकरी ठिपके, करंगळीएवढं डोकं. कॉर्न स्नेक म्हणतात त्याला. विष नाही, स्वभाव गरीब. कुणीतरी गाव सोडताना त्याला प्लास्टिकच्या डब्यात ठेवून गेलं होतं. तो माझ्या मनगटाला विळखा घालून असा निवांत बसला, की मी तिथेच विरघळले.

“आधी घर, मग साप,” प्रोबर्टबाईंनी बजावलं. “घर मी स्वतः येऊन बघणार. नापास झालीस तर टॉफी मिळणार नाही, कारियाद.” लाडाने ‘राणी’ म्हणावं तसं त्या हे सगळ्यांनाच म्हणतात. नापास करतानाही.

डिलिसबाईंची परवानगी मात्र चटकन मिळाली. “भुंकत नाही ना? मग ठेव.”

कपाट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. उरलेले पाव घेऊन गेथिन उभा.

“वाटलं... कपाटाला मदत लागेल.”

“कपाटाला?”

“म्हणजे – तुला.”

मग तो रोजच येऊ लागला. आम्ही दोघंही सुतारकामात ढ. हवेसाठी भोकं पाडली ती वाकडीतिकडी, पण पडली. एका टोकाला हीटर बसवला, सापाला चटका बसू नये म्हणून हीटरभोवती जाळीचा पिंजरा केला. एक टोक उबदार, दुसरं गार. सापाने आपल्या मर्जीप्रमाणे इकडून तिकडे जायचं. तळाला लाकडाचा भुसा, पाण्याचं पसरट भांडं. चढायला सफरचंदाची एक फांदी हवी होती, पण तिच्यात किडे नकोत, म्हणून गेथिनने ती बेकरीच्या भट्टीत भाजून काढली. त्याच्या वडिलांनी भट्टी उघडली आणि ओरडले, “अरे, याची ऑर्डर कुणी दिली?”

“याला लपायला दोन-दोन जागा कशाला?” एकदा त्याने विचारलं.

“उबेत एक, गारव्यात एक. साप लाजाळू असतो. लपायला जागा मिळाली ना, की मग बाहेर यायचं धाडस करतो.”

“माझंही तसंच आहे,” तो भुशाकडे बघत म्हणाला.

“तू कुठे लपतोस?”

“पावांच्या मागे,” तो म्हणाला... आणि माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या हातातला स्क्रू भुशात पडला. दोघं मिळून शोधत बसलो. खरं सांगायचं तर, कुणीच नीट शोधत नव्हतं.

प्रोबर्टबाई आल्या त्या टॉफीला कापडी पिशवीत घेऊनच. घर पसंत पडलं तर ठेवूनच जाणार होत्या. त्यांनी हीटर लावला, थोडं थांबल्या, आणि कपाटात डोकं घालून वास घेतला.

“वार्निश,” त्या म्हणाल्या. “गरम झालं की वाफ सुटते. याच्या फुप्फुसात जाईल ती.”

मग मागच्या बाजूला वायरसाठी पाडलेल्या भोकात त्यांनी करंगळी घातली. आरपार गेली.

“इथून डोकं गेलं, की मागोमाग अख्खा टॉफी जातो. मग शोध त्याला डिलिसबाईंच्या बटाट्यांत.”

माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी पिशवीची गाठ सोडली. “बघ तरी त्याला जरा.”

केशरी डोकं बाहेर आलं. जीभ लवलवली. आणि माझ्या पाठीमागे धाडकन आवाज झाला. नुकताच आत आलेला गेथिन खुर्चीवर चढला होता, पाव जमिनीवर विखुरले होते, चेहरा मैद्याहून पांढरा.

“मी... मला... भट्टी चालू राहिलीय!” तो म्हणाला, उडी मारून उतरला आणि जिन्यावरून धडधडत पळाला.

प्रोबर्टबाईंनी पिशवीची गाठ पुन्हा बांधली. जाताना म्हणाल्या, “कार्डिफचं एक कुटुंब टॉफीला मागतंय. शनिवारी पुन्हा येते. तेव्हाही घर तयार नसेल, तर मात्र मी त्यांना हो म्हणेन.”

दुसऱ्या दिवशी गेथिन आला नाही. त्याच्यानंतरच्या दिवशीही नाही. मला सापाच्या भीतीचा राग नव्हता... खरं न सांगता निघून गेला, त्याचा होता. मग तो सगळा राग मी वार्निशवर काढला. कामावरून आले की पॉलिश पेपर घेऊन बसायचे. घासून घासून तळहाताला फोड आले, केसांत लाकडाची भुकटी. कोरं लाकूड दिसू लागलं तेव्हा त्यावर पाण्यात मिसळणारा बिनविषारी लेप दिला आणि खिडक्या उघड्या टाकून थंडीत कुडकुडत झोपले. माशांच्या टाकीला लावतात त्या चिकट लेपाने भोक असं बुजवलं, की वायर सोडली तर मुंगीही जाणार नाही. काचेच्या दारांना कुलूप बसवलं. मग हीटर लावला आणि दोन्ही टोकांच्या तापमापकांसमोर मांडी घालून बसले. काटे चढले, थांबले आणि तिथेच राहिले. काही जळालं नाही, कसलाही वास आला नाही. हे सगळं मी केलं होतं – कुणाला न विचारता, माझ्या पसंतीने! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

शनिवारी दार उघडलं तर प्रोबर्टबाई दारात, आणि त्यांच्या मागे गेथिन. दोन्ही हात लांब ताणून, भट्टीतून काढलेला ट्रे धरावा तशी त्याने टॉफीची पिशवी धरली होती.

“रोज दुपारी माझ्याकडे येतोय हा,” प्रोबर्टबाई म्हणाल्या. “पहिल्या दिवशी दाराच्या आत पाऊल टाकेना. पाव मात्र आत फेकला.”

“बाई, ते कशाला सांगायचं...”

“दुसऱ्या दिवशी टॉफीकडे पाठ करून बसला. काल म्हणाला, पिशवी मी नेतो.” एवढं बोलून त्या सरळ कपाटाकडे गेल्या.

गेथिन माझ्यासमोर उभा. कपाळावर घाम. “खोटं बोललो मी, नेरिस. मला सापांची भयंकर भीती वाटते. पळालो, आणि मग लाज वाटली म्हणून आलो नाही. म्हटलं, आता जाईन तो याला घेऊनच जाईन.”

“पण एवढं कशासाठी?”

“तू या कपाटाकडे ज्या डोळ्यांनी बघतेस ना...” तो अडखळला. “तसं कधीतरी माझ्याकडे बघावंस म्हणून. माझं प्रेम आहे तुझ्यावर. आता ही पिशवी उघडू का, की आधी बेशुद्ध पडू?”

तेवढ्यात प्रोबर्टबाईंनी कपाटातून डोकं बाहेर काढलं. “वास नाही. भोक नाही. ऊब अगदी जिथल्या तिथे. पास!”

मी किंचाळलेच. गेथिनने डोळे मिटले, पिशवीत हात घातला... आणि टॉफी त्याच्या मनगटावरून, दंडावरून वर चढू लागला. त्याने एक डोळा उघडला.

“हा ओला नाहीये,” तो नवलाने कुजबुजला. “मऊ आहे. आणि नेरिस... मी अजून उभा आहे!”

टॉफीला आम्ही दोघांनी मिळून आत सोडलं. तो सरसर भुशातून गेला आणि उबदार कोपऱ्यातल्या लपणात दिसेनासा झाला. प्रोबर्टबाई निघाल्या. “आता तो जेवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सरावू दे त्याला.”

दार लागलं. 

“म्हणजे हात लावायचाच नाही?” गेथिनने विचारलं.

“अजिबात नाही.”

“आणि... तुला?”

“मला तसा काही नियम नाही,” मी म्हणाले. त्याच्या ओठांना जायफळाचा वास होता.

पण ‘माझंही’ हा शब्द काही माझ्या तोंडून निघेना. एकदा हरल्यावर माणूस शब्द जपून वापरतो. गेथिनने आग्रह केला नाही. तो रोज यायचा, कपाटासमोर बसायचा, आणि दोघं मिळून आम्ही एका न दिसणाऱ्या सापाची काळजी करायचो.

आठवड्याने पहिलं जेवण. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवून मऊ केला.

“बेकरीतला चिमटा आणू?”

“खबरदार!”

मी लांब चिमट्याने उंदीर धरला. लपणातून केशरी डोकं डोकावलं. जीभ लवलवली. टॉफी थांबला... आम्ही श्वास रोखले... तो मागे सरला. गेथिनने माझा दुसरा हात घट्ट पकडला. आणि मग – खट्! टॉफीने झडप घातली, विळखा मारला आणि सावकाश गिळू लागला.

“खाल्लं!” गेथिन कुजबुजला. शेपटीचं टोक आत जाईपर्यंत दोघंही हललो नाही. मग टॉफी बिचकू नये म्हणून दाराबाहेर जिन्यावर धावलो, आणि तिथे गेथिन गर्जला, “खाल्लं त्याने! जेवला! टॉफी जेवला!” त्याने मला उचलून गरागरा फिरवलं. डिलिसबाई झारा घेऊन धावत आल्या. “कोण मेलं?”

“उंदीर!” आम्ही दोघं ओरडलो.

त्या गोंधळात मी त्याच्या कानाशी म्हणाले, “माझंही तुझ्यावर प्रेम आहे.”

“काय म्हणालीस? ऐकू नाही आलं!”

मग मी ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की खाली चिप्ससाठी रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.