लॉर्नच्या ट्रकचा भोंगा

"बाई, ट्रक मी चोरला नाही," क्लेटन वीबे दारातूनच म्हणाला. "पण इतक्या जणांनी सांगितलंय, की आता मलाच शंका यायला लागलीय."

हाल्डोराबाईंनी त्याला बूट काढायला लावले, बसवलं आणि पुढ्यात कॉफी अन् आलुबुखाऱ्याच्या थरांचा केक ठेवला. सँडविकसारख्या तळ्याकाठच्या गावात खासगी गुप्तहेर म्हणजे त्या एकट्याच. अर्धं आयुष्य विमा कंपनीत लोकांच्या थापा पकडण्यात गेलेलं. मदतीला भाचा वेंडेल. वेंडेलचं डोकं जुन्या डिझेल इंजिनसारखं होतं. चालायचं, पण आधी तापायला लागायचं.

"कुणाचा ट्रक?" वेंडेलनं विचारलं.

"लॉर्न स्वेनसनचा."

"तो भोंगेवाला?"

तोच. नाताळात लॉर्ननं ट्रकला चोरगजर स्वतःच्या हातानं बसवला होता आणि तेव्हापासून गावाला झोप नव्हती. वारा सुटला की भोंगा, मांजर गेलं की भोंगा, चर्चची घंटा वाजली की जोडीला भोंगा.

"आज दुपारी कर्लिंगची फायनल होती," क्लेटन म्हणाला. "लॉर्न आमचा कप्तान, मी सरकत्या दगडापुढचं बर्फ घासणारा झाडूवाला. जिंकलो. बाहेर येऊन बघतो तर ट्रक गायब! आणि भोंगा चूं नाही."

"आणि नाव तुझंच का?"

क्लेटननं केकचा तुकडा परत बशीत ठेवला. "सोळाव्या वर्षी दोन गाड्या पळवल्या होत्या मी. नुसत्या हिंडवायला. त्याला आता आठ वर्षं झाली. उद्यापासून शाळेची बस चालवायला मिळतेय. चार वाजता शेजारच्या गावाहून पोलीस येणार, लॉर्न माझं नाव लिहून देणार. म्हणजे बस गेली."

"केक संपव," बाई उठत म्हणाल्या. "वेंडेल, गाडी काढ."

कर्लिंगच्या हॉलमागची जागा तळ्याकडे उतरती होती. मासे धरणाऱ्यांच्या गाड्या तिथूनच थेट गोठलेल्या तळ्यावर जात. वेंडेलनं गाडी थांबवली, पहिला गिअर टाकला आणि चावी काढली.

"हँडब्रेक?" बाईंनी विचारलं.

"मावशी, उणे तीस आहे! आत्ता ओढला तर गोठून बसेल आणि एप्रिलमध्ये सुटेल. या गावात हिवाळ्यात कोण ओढतं?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. का कोण जाणे, खूश दिसल्या.

वाऱ्यानं भुरभुरत्या बर्फाची चादर ओढली होती. चाकांच्या खुणा पार पुसलेल्या. हॉलच्या भिंतीवर इंजिन गरम ठेवायच्या वायरींसाठी सॉकेटं होती. एका सॉकेटात प्लगचं नुसतं तोंड अडकलं होतं, मागची वायर तुटून गेलेली.

"चोर घाईत होता," वेंडेलनं जाहीर केलं. "वायर काढायचीही फुरसत नव्हती त्याला."

"हं," बाई म्हणाल्या. वेंडेलला तो 'हं' मुळीच आवडला नाही.

लॉर्न स्वेनसन हॉलच्या कँटीनमध्ये ट्रॉफी मांडीवर घेऊन बसला होता, बारशाला आलेल्या आजोबांसारखा. शेजारी त्याची बायको थोरा विणत होती. क्लेटन दाराशीच थांबला.

"चोराला घेऊन आलीस?" लॉर्न गुरगुरला.

"ट्रक कुठे लावला होतास, लॉर्न?"

"मागे, उतारावर. पुढे जागाच नव्हती. पाठ भिंतीला, तोंड तळ्याकडे. आणि दारं कुलूपबंद!"

"गजर बसवायला किती वेळ लागला?"

लॉर्न खुलला. "तीन दिवस! डब्यावर लिहिलं होतं, फक्त ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांसाठी. हा कंपनीचा भित्रेपणा! माझा ट्रक हाताच्या गिअरचा. गजराच्याच रिमोटनं इंजिनही चालू करता येतं, पण क्लच दाबल्याशिवाय ते होईना, म्हणून क्लचची वायर सरळ जोडून टाकली. आता घरात बसून ट्रक तापवतो. बटण मोजून तीन सेकंद दाबायचं, बस्स. किलोमीटरवरून चालतं!"

"सकाळची ती पंधरा मिनिटंच गावाला शांतता असते," थोरा विणता विणता म्हणाली. "इंजिन तापत असतं तोवर भोंगा गप्प. मग इंजिन आपलं आपण बंद पडतं आणि याची बोंब सुरू."

"बोंब नव्हे, पहारा!"

"घरी तो गिअरमध्ये असतो का?" बाईंनी विचारलं.

"छे. गॅरेज सपाट आहे, न्यूट्रलमध्येच असतो. का?"

"सहज. चाव्या कुठे होत्या?"

"या खिशात, रिमोटसकट. अजूनही आहेत. पण याच्याकडे बनावट चावी असणार! जिंकल्यावर यानं मला अशी मिठी मारली की बरगड्या वाजल्या. मिठीच्या नावाखाली खिसा चाचपला!"

"मी आनंदानं मारली मिठी!" क्लेटन ओरडला. "तूच तर म्हणालास, 'शाब्बास, पोरा'!"

"ते ट्रक जायच्या आधी!"

"थोरा, तू पाहिलीस ती मिठी?"

"अख्ख्या हॉलनं पाहिली. पोरगं सोडेचना. मध्येच लॉर्नच्या खिशात काहीतरी चिवचिवलं, पोपट चेंगरल्यासारखं. मला वाटलं, याचं कानाचं यंत्र."

"त्यानंतर क्लेटन बाहेर गेला?"

"कुठला? ट्रॉफी धरून फोटो काढत होते की सगळे. बाहेर आम्ही एकदमच गेलो."

"म्हणजे साथीदार!" लॉर्न म्हणाला.

"किंवा ओढून नेणारी गाडी," वेंडेलनं भर घातली.

"चर्चच्या घंटेनं कोकलणारा भोंगा साखळी लावून ओढताना गप्प बसला असता?" बाईंनी विचारलं. वेंडेल कॉफीकडे वळला.

चारला पाच कमी असताना पोलीस आला आणि टोपीवरचं बर्फ झटकत म्हणाला, "नाव सांगा."

लॉर्ननं तोंड उघडलं.

"चोराचं नाव मी सांगते," हाल्डोराबाई म्हणाल्या. "आधी भोंग्याचं बघू. तो एरवी कशानंही बोंबलतो, गप्प असतो फक्त रिमोटनं इंजिन चालू केलेलं असतं तेव्हा. हे थोरानंच सांगितलं. म्हणजे आज कुणीतरी बटण दाबलं. बटण लॉर्नच्या खिशात होतं."

"मी दाबलं नाही!"

"नाहीच. तुला दाबलं. क्लेटननं मिठी मारली, तीन सेकंदांपेक्षा खूप जास्त. रिमोट चिवचिवला, इंजिन चालू झालं."

"होऊ दे की! रोजच होतं!"

"रोज न्यूट्रलमध्ये. आज उतारावर लावलास. हँडब्रेक ओढलास?"

"जानेवारीत? वेडा आहे का मी?"

"मग ट्रक घसरू नये म्हणून काय केलंस?"

लॉर्नचा उजवा हात हवेतच गिअर टाकायला पुढे झाला. वेंडेलचं इंजिन नेमकं त्याच क्षणी तापलं.

"पहिला गिअर!" तो ओरडला. "आईशप्पथ! इंजिन चालू झालं आणि ट्रक निघाला!"

"क्लच दाबल्याशिवाय इंजिन चालू होऊ नये म्हणून कंपनीनं एक वायर ठेवली होती. ती लॉर्ननं बाद केली. चोर आला असता तर त्यानं प्लग सॉकेटातून काढला असता, निदान गाडीत बसताना पाहिला असता. या चालकाला डोळेच नव्हते, म्हणून वायर तुटली."

पोलिसानं पेन खाली ठेवलं. "मग ट्रक आहे कुठे?"

"चावी नसली की स्टिअरिंग कुलूपबंद. म्हणजे चाकं सरळच राहणार. तोंड तळ्याकडे. पहिल्या गिअरमध्ये ट्रक धावत्या माणसाच्या वेगानं जातो, आणि पंधरा मिनिटांनी इंजिन आपोआप बंद. हॉलच्या भिंतीपासून नाकासमोर रेघ मारा, दोन किलोमीटर."

"तिथे तर बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या झोपड्या आहेत," थोरा म्हणाली आणि विणायची थांबली. "आज सगळे इथे, म्हणून बरं."

बर्फावर धावणाऱ्या दोन स्नोमोबिलवर सगळे निघाले. वाऱ्यात हातभर पुढचं दिसेना. दीडेक किलोमीटरवर बाईंनी इंजिनं बंद करायला लावली. "ऐका."

दूर, पांढऱ्या धुरळ्यापलीकडे, भोंगा केकाटत होता. इंजिन बंद पडल्यापासून तो इमानानं पहारा देत असणार. ऐकायला फक्त बर्फाखालचे मासे.

ट्रकचं नाक एका निळ्या झोपडीत घुसलं होतं. झोपडी आडवी, मागे भगव्या वायरीचं शेपूट. झोपडीच्या दारावर पाटी होती: 'लॉर्न स्वेनसन. परवानगीशिवाय आत येऊ नये.'

थोरा इतकी हसली की तिला बर्फात बसावं लागलं.

"भोंगा चालतो, हे तरी बघा!" लॉर्न भोंग्यापेक्षा मोठ्यानं ओरडला आणि बंद करायला त्यानं खिशातून रिमोट काढला.

"नको!" सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली. पोलिसानं तर बर्फात उडीच घेतली.

लॉर्न हात वर करून उभा राहिला. मग त्यानं चाव्या, रिमोटसकट, चिमटीत धरून क्लेटनपुढे केल्या. क्लेटननं त्या अलगद घेतल्या, दार उघडलं आणि सगळ्यात आधी गिअर न्यूट्रलमध्ये टाकला. मग भोंगा थांबवला. तळ्यावर एवढी शांतता पसरली की थोराचं हसूच ऐकू येत राहिलं.

"लिहायचं काय?" पोलिसानं दाढीतलं बर्फ काढत विचारलं.

"काही नाही," लॉर्न म्हणाला. त्यानं घसा खाकरला, बुटाकडे बघितलं, झोपडीकडे बघितलं. "क्लेटन, आमची नात तुझ्याच बसनं जाते. उद्या तिला मीच थांब्यावर आणीन." मग तो म्हणाला, "चुकलो, पोरा."

क्लेटन दोन्ही हात पसरून पुढे झाला.

"लांबून!" लॉर्न मागे सरकत ओरडला. "हात मिळव फक्त!"