दाराच्या मुठीतली सळई

ऐक ना. मधे काही विचारू नकोस, फक्त ऐक.

शाळेच्या संगीत नाटकाचा दिवस. पाचला पडदा उघडणार होता. आणि पावणेचारला स्टेजखालच्या सामानाच्या खोलीत सहा जण अडकले.

पहिल्यांदा कळलं ते दोरीला. दोरी म्हणजे दहावीतली ती मुलगी गं, पडद्याची दोरी ओढायची, म्हणून सगळे तिला दोरीच म्हणायचे. विंगेत उभी राहून ओळीही तीच पुरवायची, त्यामुळे अख्खं नाटक, गाण्यांसकट, तिला पाठ. ती बाहेर जायला निघाली, मूठ फिरवली, तर मूठ हातातच आली.

सुतारकाकांनी पाहिलं. "आतली सळई गेलीये. दोन्ही मुठी तिच्यावरच फिरतात. आता बाहेरूनही कोणी उघडू शकत नाही."

"मग तोडा की दार," दोरीची मावशी म्हणाली.

"काय दातांनी तोडू? हत्यारं वर स्टेजवर आहेत."

फोनही वरच. तालमीत वाजतात म्हणून गाण्याच्या बाई सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा करायच्या. दार बडवलं, ओरडले, पण डोक्यावर वाद्यवृंद जोरात सुरू. खिडकी नाही. एक दिवा आणि रंगाचा वास. शिवणवाल्या काकूंना तर धाप लागली.

फक्त बुलबुल गप्प. बुलबुल म्हणजे नायिका, याच मावशीची मुलगी, दोरीची मावसबहीण. बाईंचा नियम होता, प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून गाणाऱ्यानं मौन पाळायचं. काही हवं असेल तर पाटीवर लिहायचं.

"सळई आपोआप पडत नाही," दोरी म्हणाली. "आपण आत आलो तेव्हा दार नीट लागलं होतं. म्हणजे काढणारा इथेच आहे."

"काढणारा की काढणारी?" मावशी म्हणाली. "नायिकेसाठी निवड झाली तेव्हा दुसरी कोण आली होती, सांगू?"

सगळ्यांनी दोरीकडे पाहिलं. बाईंनीसुद्धा.

आता सळई सापडली नाही, तर जन्मभर नाटक दोरीनंच बुडवलं म्हणणार.

"माझी झडती घ्या," ती म्हणाली. "मग सगळ्यांची."

खिसे, पिशव्या, सुयांचा डबा, सगळं झालं. काही नाही. मग दोरीनं विचारायला सुरुवात केली.

"काका, सळई हातानं निघते?"

"एरवी नाही. पण मुठीचा स्क्रू सैल होता. उद्या घट्ट करतो, असं मी कालच बोललो होतो."

"कोणासमोर?"

"सगळ्यांसमोर. तू पण होतीस."

"आत सगळ्यात शेवटी कोण आलं?"

"कोणाला आठवतंय? आम्ही भिंतीची चौकट उचलून आणत होतो."

तेवढ्यात त्याच चौकटीची फळी घसरली आणि धाडकन बुलबुलच्या पायावर पडली. ती कळवळून खाली बसली. तोंड उघडलं, डोळ्यांत पाणी, पण आवाज नाही.

"बघा, याला म्हणतात शिस्त," बाई म्हणाल्या.

दोरी मात्र पाय चोळायला वाकली आणि तशीच थांबली. बुलबुलचा घोळदार झगा एका बाजूनं लोंबत होता.

"काकू, काल माप घेतलं तेव्हा घेर सारखा होता ना?"

"टाचेपासून दोन बोटं, चहूबाजूंनी. कच्ची टीप घातलीये."

"कुठल्या दोऱ्यानं?"

"पांढऱ्या. कच्ची टीप मी कायम पांढरीच घालते, उसवताना दिसायला नको?"

"मग इथे काळा दोरा कसा?"

दोरीनं दोरा तोडला. काठातून बोटभर लांबीची चौकोनी सळई जमिनीवर पडली.

"शेवटी आत आली ती हीच," दोरी हळूच म्हणाली. "तुम्ही चौकट टेकवत होतात, हिनं मूठ काढली, सळई घेतली, मूठ परत नुसती अडकवली. मग कपडे बदलायला आडोशामागे गेली. सुईदोरा तिथेच होता. घाईत काळा हाताला लागला."

"पण का?" मावशी ओरडली.

"पायावर फळी पडल्यावर मौन राहतं का गं, मावशी? तोंडातून काहीतरी निघतंच. हिचा आवाज बसलाय. पार बसलाय. आणि मौन होतं म्हणून आपल्यापैकी एकालाही कळलं नाही."

बुलबुलनं पाटी ओढली. लिहिलं, 'सकाळपासून. चार महिने सगळे राबले. कसं सांगू?' आणि पाटीवरच डोकं टेकून रडली. बिनआवाजी. ते बघवत नव्हतं गं.

साडेचार. काकांनी सळई बसवली, पण मूठ फिरवली नाही. सगळे बाईंकडे बघत होते.

बाई म्हणाल्या, "दोरी, गाणी तुला येतात. तू विंगेतून गा. ही नुसते ओठ हलवेल."

मावशीनं दोरीचे दोन्ही हात धरले. मघाशी चोर ठरवलं होतं ना, तिनंच. "बाळा, एवढं कर. आणि बाहेर कोणाला कळता कामा नये हं."

दोरी बुलबुलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उघडा दार."

ती गायली. अगं, काय गायली. शेवटच्या गाण्याला अख्खं सभागृह उभं राहिलं. लोक ओरडत होते, "बुलबुल, बुलबुल." बुलबुल मधोमध उभी, हात जोडून, मान खाली. आणि चार पावलांवर विंगेच्या कापडामागे दोरी. एका हातात माईक, दुसऱ्या हातात त्या कापडाची दोरी. जरा ओढली असती तरी सगळ्यांना दिसलं असतं.

तेवढ्यात बुलबुलनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि मानेनंच म्हणाली, ओढ.

आणि पहिल्या रांगेतून मावशी डोळे मोठे करून, नको, नको.

तिनं काय केलं ते सांगते. पण आधी तू सांग, तू असतीस तर ओढली असतीस?