वारा पाठीवर

"राजा, डोळा लाव बघू!"

शाळेच्या आवारातून आप्पांची हाक आली आणि राजाबाईने हातातलं पुस्तक खिडकीत उपडं ठेवलं. कार्तिकातली सकाळ होती, दिवाळीची सुट्टी होती, आणि बोरगावच्या मुलींच्या शाळेला पहिल्यांदाच कुंपण पडत होतं. शाळेत शिकवायची राजाबाई, आणि कुंपण घालायचे तिचे वडील, रवळूआप्पा! बाभळीचे वीस खांब रोवून झाले होते, मधून मेंदीची रोपं बसली होती, फाटकाजवळचा शेवटचा खांब तेवढा उरला होता.

ती पहिल्या खांबाशी वाकली, एक डोळा मिटून तिने रांगेवर नजर टाकली. सगळे खांब एकामागे एक असे दडले होते की एकच दिसत होता.

"सरळ आहे, आप्पा."

"असणारच! रांग धरताना समदी दुनिया एक डोळा मिटती. माझा तर मिटलेलाच हाय, तेवढीच मेहनत वाचली!"

आप्पा खळखळून हसले. राजाबाई हसली नाही. या विनोदाला ती वीस वर्षांत एकदाही हसली नव्हती...

तेवढ्यात निपाणीचे तंबाखूचे व्यापारी दत्तोपंत सायकल हातात धरून फाटकाशी आले. त्यांना नव्या वखारीला कुंपण हवं होतं.

"रवळू, चहूकडून चिकाच्या शेराचंच कुंपण केलं तर?"

"मागं लावा शेर, ढोर तोंड घालत न्हाय. म्होरं मात्र काटेरी तार ओढा, अन् गाडी वळायला जागा सोडा. मळा असता तर घायपात म्हटलं असतं. घराला मेंदी, तीबी छातीइतकीच. वाटेवरच्या माणसाला आतनं 'या, बसा' म्हणता आलं पायजे."

"आणि शाळेला?"

"पोरं फांद्या मोडत्यात, पंत. शाळेला शेर न्हाय."

हे बोलताना आप्पांनी लेकीकडे पाहिलं नाही, आणि न पाहिल्यामुळेच तिच्या काळजात चर्र झालं.

"काम तेवढं आण्णाप्पाला सांगा," आप्पा म्हणाले. "दोरी त्याच्याकडं हाय."

ती दोरी म्हणजे आजोबांनी स्वतः वळलेली अंबाडीची दोरी. खांबांची रांग तिच्यावर धरायची, आणि ती ज्याच्या हाती तो घरातला मुख्य कारागीर. थोरले म्हणून ती आप्पांकडे होती. पण आप्पांचा डोळा गेला, आणि धाकट्या भावाने, आण्णाप्पाने, चारचौघांत ती काढून घेतली.

"शेर तोडताना वारा पाठीवर घ्यायचा, हे पोरासोरांना कळतंय! चीक सरळ डोळ्यात? एक डोळ्यानं आता रांग काय धरणार तू?"

"व्हय बाबा, चुकलो," एवढंच आप्पा बोलले. तेव्हापासून वखारींची मोठी कामं आण्णाप्पाकडे गेली, आणि आप्पांकडे परसांची, गोठ्यांची...

आणि खरं काय घडलं होतं? सात वर्षांची राजा वखारीमागे खेळत होती. शेराची हिरवी, पेन्सिलीसारखी फांदी तिने मोडली, तलवारीसारखी फिरवली, आणि खाली वाकून खुंटी ठोकणाऱ्या आप्पांच्या डोळ्यात दुधासारखा चीक उडाला! डोळा गच्च दाबून धरत त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "तुझ्या डोळ्यात न्हाय न्हवं गेला?" आणि मग तिला जवळ ओढून म्हणाले, "मी वाऱ्याकडं तोंड करून शेर तोडला. तू घरात व्हतीस. म्हण बघू." तिने धड्यासारखं पाठ म्हटलं. बाळंतपणात आई गेल्यापासून गाव तिला 'आई खाल्लेली पोर' म्हणतच होतं. बापाचा डोळाही तिच्या माथी बसू नये, म्हणून त्या माणसाने आपलं नाव घालवलं... आयुष्यभराची कमाई असलेलं नाव!

ती शिकली, बेळगावला जाऊन मास्तरीण होऊन आली, कपाटभर पुस्तकं वाचली. पण तो एवढासा धडा तिला खोडता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे चहाची वाट बघत आप्पा भिंतीला टेकले, ते टेकलेच.

तेरावं झालं. पंगत उठली आणि आण्णाप्पा दोरी खांद्यावर टाकून शाळेकडे निघाले. मागे भाऊबंद होते, राजाबाईही होती.

"शेवटचा खांब राहिलाय म्हणं. आधी रांग तपासतो. एका डोळ्याचं काम, कुठंतरी वाकडं गेलंच असणार!"

पहिल्या खांबाला दोरी बांधून त्यांनी ती ताणत फाटकापर्यंत नेऊन खुंटीला आवळली, आणि मग परत येऊन पहिल्यापासून खांबाखांबाशी वाकत निघाले... एक, दोन, पाच, बारा... दोरी प्रत्येक खांबाला टेकली होती. कुठे बोटभरही फट नव्हती! विसाव्या खांबाशी आण्णाप्पा मातीत बसले आणि त्या खांबाला मिठी मारून लहान मुलासारखे रडू लागले.

"दोरी न्हवती गं त्याच्याजवळ... नुसत्या नजरेनं धरली ही रांग! वीस वर्सं मी त्याला नवखा म्हटलं, राजा! असला हात... असला माणूस... त्या दिशी वारा पाठीवर घ्यायचा इसरला कसा?"

काका तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते. राजाबाईने डोळे पुसले, पदर खोचला आणि ती त्यांच्यासमोर जाऊन ताठ उभी राहिली. तिचा आवाज वर्गात घुमतो तसाच घुमला, अगदी शेवटच्या माणसापर्यंत.

"काका, आप्पा इसरले न्हाईत. वारा त्यांच्या पाठीवरच होता. शेराची फांदी मी मोडली... माझ्या आप्पांचा डोळा माझ्या हातानं गेला."