बुधवारचा मिस कॉल

प्रज्वल, तो फोन आधी खिशात घाल. आणि ओंकार, तू मधेच हसायचं नाहीस. लाईट येईपर्यंत काहीतरी सांगा म्हणालात, म्हणून सांगतोय. भुतांवर माझा विश्वास आहे का, ते विचारू नका. सोपानरावांवर आहे.

सोपानराव आणि मी एकाच कंपनीत, एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात कामाला. तरुणपणी कंपनीने त्यांना ट्रेनिंगला अमेरिकेत पाठवलं होतं. बाकीच्यांनी तिथून घड्याळं आणली, कॅमेरे आणले. ह्या बाबाने जुन्या बाजारातून पेटीभर रेकॉर्डी आणल्या. रिदम अँड ब्लूज. तिकडचे काळे कामगार दिवसभर मोटारी जोडायचे आणि रात्री ह्या गाण्यांवर नाचायचे. "आपल्यासारखीच शिफ्टवाली माणसं, राव," असं ते सांगायचे. आम्ही त्यांची यथेच्छ टर उडवली. रिटायर झाल्यावर थेरगावातल्या एका छोट्या रेडिओ केंद्राने त्यांना तासभर दिला. दर बुधवारी रात्री नऊला, कारण गुरुवारी आपल्या कारखान्यांना सुट्टी. कार्यक्रमाचं नाव 'सुट्टीची आदली रात्र'.

ऐकणारे कोण? एक मी आणि दुसरे चांदभाई, डांगे चौकामागचे स्कूटर मेकॅनिक. इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं त्यांना, पण सॅक्सोफोन सुरू झाला की हातातला पाना खाली ठेवायचे. केंद्राचा आवाज कुठवर पोचतो हे बघायचा त्यांना नादच लागला. बुधवारी खिशात ट्रान्झिस्टर टाकून स्कूटरवर मोशीच्या बाजूला जायचे. खरखर सुरू झाली की थांबायचे आणि सोपानरावांना मिस कॉल द्यायचे. एक रिंग, की कट. म्हणजे इथवर ऐकू येतंय. मग सोपानराव माइकवर सांगायचे, "आला चांदभाईंचा मिस कॉल. मोशीपर्यंत पोचलो राव."

डिसेंबरच्या शेवटच्या बुधवारी ती रिंग एकावर थांबली नाही. सोपानराव बोलण्यात होते. त्यांनी फोनचं लाल बटण दाबलं, हसत हसत नेहमीचं वाक्य म्हटलं आणि पुढची रेकॉर्ड लावली. फोन परत वाजला. त्यांनी तो बंदच करून टाकला.

पहाटे कंपनीच्या बसवाल्याला चांदभाई दिसले. रस्त्याच्या कडेला, स्कूटरला टेकून. छातीत कळ आली होती. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जीव होता, कुणी आलं असतं तर वाचलेही असते. त्यांचा बटणांचा फोन पडून फुटला होता. त्यामुळे त्यांनी कुणाला फोन लावला होता, हे कुणालाच कळलं नाही. सोपानराव सोडून.

त्यांनी कार्यक्रम बंद केला. चांदभाईंचा चाळिसावा दिवस झाला आणि मग फेब्रुवारीतल्या दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी नूरबींनी, म्हणजे चांदभाईंच्या बायकोने, त्यांना बोलावून घेतलं. सोपानरावांची एक रेकॉर्ड वाकली होती, ती चांदभाईंनी दोन काचांमध्ये दाबून ठेवली होती. सरळ झाली होती. ती न्यायची, एवढंच काम.

"परोग्राम बंद करू नका भाऊ," नूरबी म्हणाल्या. "आज हीच लावा. त्यांनी जपली होती." चहा झाला. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मनातून जात नाय. मरताना त्यांनी कुणाला फोन कसा लावला नाय? जन्मभर कुणाला त्रास दिला नाय, तसा तेव्हा पण दिला नाय."

सोपानरावांनी तोंड उघडलं होतं. पण रेकॉर्ड काखेत मारून ते उठले. मला नंतर म्हणाले, "दौलत, त्या चहाचा घोट अजून घशात आहे."

नऊ वाजता मी घरी रेडिओ लावून बसलो होतो. पहिलं गाणं झालं. दुसरी ती सरळ केलेली रेकॉर्ड. सॅक्सोफोन सुरू झाला आणि स्टुडिओत सोपानरावांचा फोन उजळला.

चांदभाईंचं नाव.

एक रिंग.

आता कट होईल, म्हणून ते बघत राहिले... दुसरी रिंग... तिसरी...

हात लाल बटणाकडे गेला. सवयच ती. मधेच थांबला.

गाणं संपलं. सुई शेवटच्या रेषेत घुमत राहिली. खर्र... खर्र... ते मी ऐकलंय, माझ्या कानांनी. सोपानराव काही बोलेनात. मला वाटलं, मशीन बिघडलं.

फोन वाजतच होता.

त्यांनी उचलला.

"चांदभाई...?"

लांबून जाणारा ट्रक. वारा. कुणीतरी श्वास घेतंय... अडकत... परत घेतंय. आणि त्याच्या मागे, बारीक आवाजात, एक रेडिओ.

रेडिओवर माणूस हसत होता.

"आला चांदभाईंचा मिस कॉल. मोशीपर्यंत पोचलो राव."

स्वतःचाच आवाज... तिथे पडल्या पडल्या जसा ऐकू आला असेल, तसा.

मग श्वास थांबला. रेडिओ चालू राहिला.

रेकॉर्ड तशीच फिरत सोडून सोपानराव पायी नूरबींकडे गेले. दारातच सगळं सांगून टाकलं. "त्यांचा फोन मी कापला. दोनदा वाजला, दोनदा मीच कापला." म्हातारा माणूस पोरासारखा रडला.

नूरबी आत गेल्या. ट्रंकेतून चांदभाईंचा फोन आणला, रुमालात गुंडाळलेला. बॅटरी त्यांनी स्वतःच काढून ठेवली होती. रुमाल सोडताना त्यांचा हात एकदम मागे आला.

मग रुमालासकट तो सोपानरावांसमोर धरला.

"मी कोण माफ करणार?" त्या म्हणाल्या. "फोन तुम्हाला लावला होता. ह्यो तुमीच घेऊन जा." आणि दार लावता लावता, "वाजला तर उचला."

कार्यक्रम त्या रात्रीच कायमचा संपला. तो फोन सोपानरावांच्या कपाटात असतो. बुधवारी कुठेही असले तरी ते नऊच्या आत घरी येतात. मागच्या बुधवारी मी तिथे होतो. फोन वाजला नाही. दहाला त्यांनी तो कपाटातून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. काच फुटलेली. बॅटरी नाही, सिम नाही.

तासभर कुणीतरी कानाला लावून बोललं असावं, इतका गरम होता.